फोर्टमधील ट्रेडमार्क सल्ला सेवा: वेबसाइटच्या नावासाठी घेतलेला अनुभव

परळमध्ये आमचे शिलाई मशीन दुरुस्तीचे आणि सुट्या भागांचे छोटे दुकान आहे. मागच्या वर्षी दुकानाच्या वेबसाइटच्या नावावरून एका नामांकित मशीन कंपनीच्या वकिलांची नोटीस आली आणि त्यानंतर आम्ही फोर्टमधील एका वकिलांच्या कार्यालयातून ट्रेडमार्क आणि डोमेन नाव, म्हणजे वेबसाइटचा इंटरनेटवरचा पत्ता, यांसंबंधी सल्ला घेतला. हे परीक्षण त्या सल्ला सेवेचे आहे. वकिलांनी जाहिरात करण्यावर बार कौन्सिलच्या नियमांचे निर्बंध आहेत, म्हणून मी कार्यालयाचे नाव देत नाही. पण अशा ठिकाणी काय मिळते आणि काय मिळत नाही, हे आमच्यासारख्या दुकानदारांना कळावे असे मला मनापासून वाटते.

डोमेन मी स्वतः घेतले होते. सुरुवातीला त्या कंपनीचा ब्रँड, मग दुरुस्तीसाठीचा इंग्रजी शब्द आणि शेवटी मुंबई, असे ते नाव होते. डोमेन विकणाऱ्या सेवेच्या पानावर ते टाकताच हिरव्या अक्षरांत ‘उपलब्ध’ असे आले, आणि फोनवरच्या प्रतिनिधीने दुसऱ्या कोणी घेण्याआधी डॉट कॉम, डॉट इन आणि डॉट को डॉट इन अशी तिन्ही नावे घेऊन ठेवायला सुचवले. मी तिन्ही घेतली. ‘उपलब्ध’चा अर्थ एवढाच असतो की नेमके तेच नाव अजून कोणी नोंदवलेले नाही, त्यातल्या ब्रँडवर कोणाचा हक्क आहे हे तिथे कोणी तपासत नाही. विकताना एका ओळीत हे सांगता आले असते. ते सांगितले गेले नाही, याची खंत मला अजूनही आहे.

पहिल्या बैठकीला वडील आणि मी दोघेही गेलो. वकील मॅडमनी आमच्या वेबसाइटच्या पहिल्या पानाची छापील प्रत आधीच काढून ठेवली होती आणि त्यावर पेन्सिलने तीन गोल केले होते: एक वरच्या पत्त्याभोवती, दुसरा कंपनीच्या बोधचिन्हाभोवती, जे मी मशीनच्या खोक्याचा फोटो काढून लावले होते, आणि तिसरा अगदी तळाशी बारीक अक्षरांत असलेल्या ‘आम्ही कंपनीचे अधिकृत केंद्र नाही’ या वाक्याभोवती. वडिलांनी विचारले, “मॅडम, इतकी वर्षं दुकानाच्या पाटीवर आम्ही सगळ्या कंपन्यांची नावं लिहितोय. कोणी हरकत घेतली नाही. मग इथेच काय बिघडलं?”

“काका, पाटीवर तुम्ही ‘येथे अमुक मशीन दुरुस्त करून मिळेल’ असं पूर्ण वाक्य लिहिता. मशीन त्यांचं आणि दुकान तुमचं, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. डोमेनमध्ये वाक्य मावत नाही. गिऱ्हाईक पान उघडायच्या आधी कंपनीचं नाव वाचतं आणि कंपनीचंच केंद्र समजून आत येतं. तळाची ओळ त्याला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.”

या सेवेला मी चांगले म्हणते ते मुख्यतः या उत्तरासाठी. कायदा त्यानंतर आला, आणि तोही आमच्या दुकानाला लावून. ट्रेडमार्क कायदा, १९९९ मधील कलम ३० प्रामाणिक वापराला जागा देते. सुटा भाग कोणत्या मशीनला बसतो हे सांगण्यापुरता ब्रँडचा उल्लेख, तो आवश्यक असेल आणि फसवणारा नसेल तर, करता येतो. म्हणजे पानाच्या मजकुरात ‘या कंपनीच्या मशीनला बसणारी बॉबिन केस’ असे आम्ही लिहू शकतो. डोमेनचा प्रश्न वेगळा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्येच रेडिफच्या दाव्यात ‘रॅडिफ’ या मिळत्याजुळत्या डोमेनला मनाई केली होती आणि डोमेन नाव हे निव्वळ इंटरनेटवरचा पत्ता नसते, असे म्हटले होते. पुढे २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवेच्या खटल्यात डोमेन नावांना ‘पासिंग ऑफ’च्या, म्हणजे दुसऱ्याच्या नावाआड आपला माल किंवा सेवा खपवायला मनाई करणाऱ्या, तत्त्वाखाली संरक्षण मिळते हे स्पष्ट केले.

सर्वांत उपयोगी पडली ती २००१ मधील ओकी डेटा प्रकरणाची माहिती. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेपुढे आलेल्या त्या तक्रारीत, ब्रँडचे नाव डोमेनमध्ये वापरणाऱ्या विक्रेत्यासाठी काही कसोट्या ठरल्या आणि त्या आजही वापरल्या जातात. विक्रेता त्या वस्तू किंवा सेवा खरोखर देतो का, त्या वेबसाइटवर त्याच ब्रँडचा माल आहे का, कंपनीशी आपले नाते काय हे तो ठळकपणे सांगतो का, आणि त्या ब्रँडची डोमेन नावे अडवून ठेवण्याचा त्याचा प्रयत्न आहे का, हे त्यात पाहतात. आम्ही पहिल्या कसोटीला उतरत होतो. पण आमच्या पानावर इतर चार कंपन्यांचे भागही विकायला होते, खुलासा तळाशी दडलेला होता, आणि सुरक्षिततेसाठी म्हणून घेतलेली तीन नावे आमच्याच विरोधात जाण्यासारखी होती. अमेरिकेत २०१० मध्ये डोमेनमध्ये ‘लेक्सस’ हे नाव वापरणाऱ्या, त्या गाड्यांच्या दोन दलालांना अपील न्यायालयाने बराच दिलासा दिला होता, हे मी कुठेतरी वाचून विचारले. मॅडमनी ते नाकारले नाही, पण डॉट इन नावांचा वाद डॉट इन नावांचा कारभार पाहणाऱ्या इथल्या ‘निक्सी’ या संस्थेच्या धोरणानुसार लवादापुढे जातो, आणि तिथे नाव घेतानाचा किंवा वापरतानाचा, यांपैकी एक वाईट हेतू सिद्ध झाला तरी तो मुद्दा तक्रारदाराच्या बाजूने जातो, हे शांतपणे समजावले. डॉट कॉमच्या धोरणात दोन्ही सिद्ध करावे लागतात. लवाद नाव रद्द करू शकतो किंवा तक्रारदाराच्या नावे करून देऊ शकतो. त्यांनी लढण्याचा आग्रह धरला नाही, आणि लढाईत त्यांची फी वाढली असती हे लक्षात घेता मला त्याचे मोल वाटते.

उणिवाही सांगायला हव्यात. फीचा आकडा पहिल्या बैठकीच्या शेवटी कळला. दोन बैठका, लेखी मत आणि नोटिशीचे उत्तर मिळून बारा हजार रुपये झाले, जे कामाच्या मानाने रास्त असले तरी फोनवरच सांगायला हवे होते. लेखी मत सात पानांचे आणि पूर्ण इंग्रजीत होते. दुकान ज्यांच्या नावावर आहे त्या वडिलांना ते मला रात्री बसून मराठीत सांगावे लागले. मुंबईत मराठी दुकानदारांना सल्ला देणाऱ्या कार्यालयाने निदान एक पान मराठी सारांश द्यावा, असे मी त्यांना लेखी कळवले आहे.

शेवटी तिन्ही नावे कंपनीच्या स्वाधीन करायचे ठरले, आणि इथे मॅडमच्या एका प्रश्नाने आमचे मोठे नुकसान टळले: “तुमचा ई-मेल कोणत्या पत्त्यावर आहे?” तो त्याच डोमेनवर होता. जीएसटीची नोंदणी, बँक, सुया आणि पट्टे पाठवणारे घाऊक व्यापारी, सगळ्यांकडे तोच पत्ता होता. डोमेन गेले असते त्या दिवशी पासवर्ड बदलण्याचे संदेशही आमच्या हातून गेले असते. त्यांनी कंपनीकडून तीस दिवस मागून घेतले. त्या मुदतीत मी एकेक ठिकाणचा पत्ता बदलला आणि मगच हस्तांतरण केले.

नवे डोमेन आमच्या दुकानाच्याच नावाचे आहे. ते घेण्याआधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावरचा विनामूल्य शोध मी स्वतः केला, तोही उच्चार जुळणारी नावे पाहून, कारण तसे पाहायला याच कार्यालयात शिकवले होते. दुरुस्तीसाठीच्या वर्ग ३७ मध्ये वडिलांच्या नावाने ४,५०० रुपये शुल्क भरून ऑनलाइन अर्जही केला आहे. तो अजून प्रलंबित आहे.