एमसीआर चप्पल: सहा महिने वापरून

कुष्ठरोगाच्या १२ महिन्यांच्या गोळ्या संपून चार वर्षं झाली, पण तळपाय बधिरच राहिले. काटा रुतला तरी कळत नाही; फरशीवर रक्ताचा डाग दिसला की कळतं. सरकारी दवाखान्यातून बधिर पायांसाठीची ही एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चप्पल फुकट मिळाली. आत मऊ रबर, खाली जाड तळ, मागे पट्टा, खिळा एकही नाही. अंगठ्याखालची जखम दोन महिन्यांत भरली.

पण ही चप्पल गावात सगळे ओळखतात. हळदीकुंकवाला गेले, तर माझ्यासाठी कप वेगळा काढला. आता माझ्यापासून कुणालाच लागण होणार नाही, तरीही! म्हणून भाचीच्या लग्नात बाजारातली साधी चप्पल घातली. दिवसभर नाचले. रात्री जखम पुन्हा उघडलेली. तळ हाच ठेवा, वरून चारचौघींसारखी रंगीत चप्पल बनवा.