मेटलची वॉरथॉग की प्लास्टिकची ग्लॅडिएटर? जॉयस्टिक घेताना बिल्ड क्वालिटी नेमकी कुठे बघायची

होम सिमसाठी, म्हणजे घरच्या कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या सिम्युलेटरसाठी, जॉयस्टिक घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न हाच असतो, मेटल आहे का? मी पण आधी असंच बघायचो, हाताला जड लागली की चांगली. पण इतकी वर्षं सिम उडवल्यावर माझं मत पक्कं झालंय की क्वालिटी बघायची ती मधोमध, म्हणजे हात सोडल्यावर स्टिक जिथे उभी राहते त्याच्या आजूबाजूच्या थोड्याशा जागेत. लँडिंग असो, दुसऱ्या विमानाला चिकटून उडायचं फॉर्मेशन असो की डीसीएस या लढाऊ विमानांच्या सिममध्ये हवेतच टँकर विमानाकडून इंधन घेणं असो, सगळं नाजूक काम तिथेच होतं, टोकापर्यंत स्टिक आपण क्वचितच नेतो.

माझी पहिली स्टिक बाहेरून अगदी नव्यासारखी होती, एक ओरखडा नाही. दीड वर्षानंतर घाटकोपरवरून मुंबईच्या २७ रनवेला उतरताना विमान शेवटच्या क्षणी आपोआप डावीकडे नाक वळवायला लागलं. महिनाभर मला वाटत होतं माझंच चुकतंय, म्हणून तेच लँडिंग परत परत करत बसलो. शेवटी खोलली. ट्विस्टला, म्हणजे स्टिक पिळून विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवतो त्या हालचालीला, पोटेन्शिओमीटर (थोडक्यात पॉट) होता, त्यात कार्बनची पट्टी असते आणि तिच्यावर धातूची बारीकशी जीभ घासत फिरते, तर त्या पट्टीवर बरोब्बर मधल्या जागी चकचकीत चरा पडला होता. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, दोन आठवडे बरं चाललं, मग परत तेच.

म्हणून आता सेन्सर पहिला बघायचा. हॉल सेन्सरमध्ये चुंबक फिरतं आणि सेन्सर लांबूनच ते ओळखतो, काही घासतच नाही, त्यामुळे झिजायचा प्रश्न येत नाही. लॉजिटेकची एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो ट्विस्टला पॉटवाली आहे, स्वस्त आहे आणि आपल्याला हा छंद जमतोय का हे बघायला ठीक आहे. थ्रस्टमास्टरच्या टी १६०००एमला पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हॉल सेन्सर आहे पण ट्विस्टला पॉटच आहे, आणि बॉक्सवर हॉल हॉल असं मोठ्ठं लिहिलेलं बघून लोकांना वाटतं सगळंच हॉल. तुम्ही रडर पेडल, म्हणजे पायाने नाक वळवायची पेडल, घेणार असाल तर फरक पडत नाही, ट्विस्टवरच उडवणार असाल तर हे आधी माहीत असलेलं बरं.

आता खरी तुलना. थ्रस्टमास्टरची वॉरथॉग ही ए-१० सी या अमेरिकन लढाऊ विमानाच्या स्टिकची आणि थ्रॉटलची (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायच्या दांड्याची) नक्कल. ग्रिप मेटलची, खालची प्लेट मेटलची, स्विच असे टणक की बोटाला खरंच काहीतरी दाबल्यासारखं वाटतं. थ्रॉटल तर मला आजही फार आवडतो. पण स्टिकच्या पोटात सगळा भार प्लास्टिकच्या बॉलवर आणि स्प्रिंगांवर आहे. सेन्सर हॉलचाच आहे, तिथे तक्रार नाही, तक्रार आहे ती मध्यातून हलताना बारीक अडकण्याची. थोडं ढकललं की हलत नाही, अजून थोडं ढकललं की एकदम सुटते आणि पाहिजे त्याच्या पुढे जाते. टँकरच्या मागे लागून बघा, लगेच कळतं. म्हणून तर लोक खोलून न्योजेल नावाचं डॅम्पिंगचं ग्रीस भरतात, फरक पडतो, पण ग्रीस आपण भरायचं. आणि हिला ट्विस्ट नाहीये, म्हणजे पेडलचा खर्च वेगळा धरा.

व्हीकेबीची ग्लॅडिएटर एनएक्सटी ईव्हीओ याच्या बरोब्बर उलट. हातात घेतली की प्लास्टिक, ठोकलं तर पोकळ आवाज, बेस हलका, आणि वॉरथॉगनंतर धरली तर पहिल्यांदा खेळण्यातली वाटेल. पण आतला गिंबल, म्हणजे स्टिक ज्याच्यावर चारी बाजूंना हलते तो सांधा, बॉल बेअरिंगवर फिरतो, ट्विस्टलासुद्धा न घासणारा सेन्सर आहे, स्प्रिंग बदलता येतात, आणि क्लच घट्ट-सैल करून स्टिक किती जड चालावी ते ठरवता येतं. एका बोटाने कडेला टेकवून हलकंच ढकला, स्टिक लगेच हलायला लागते आणि तेवढीच हलते. जात्याचा खुंटा घट्ट बसलेला असला की हात कसा सहज फिरतो तसं. माझ्या हिशेबाने बिल्ड क्वालिटी म्हणतात ती ही, आणि एकच स्टिक घ्यायची असेल तर मी हीच घ्या म्हणेन, पैसेही वॉरथॉगच्या पूर्ण सेटपेक्षा बरेच कमी लागतात. फक्त बेस टेबलाला स्क्रूने नाहीतर क्लॅम्पने पक्का करा. आणि बाहेरून मागवणार असाल तर कस्टम ड्युटी आणि बिघडली तर परत पाठवायचा खर्च दोन्ही धरूनच बजेट करा.

ए-१० च उडवायचंय आणि पेडल आधीपासून आहेत, त्यांनी खुशाल वॉरथॉग घ्यावी, त्या थ्रॉटलचे स्विच नजर न काढता सापडतात, ते सुख वेगळंच आहे.

सेसनासारखी छोटी विमानं उडवणाऱ्यांना योक, म्हणजे स्टिअरिंगसारखा हँडल, लागतो, तिथेही मधली जागाच बघा. लॉजिटेकचा योक म्हणजे जुना सायटेकचा, दोन्हीकडे ४५-४५ अंश फिरतो आणि मध्यावर खाच लागल्यासारखा जाणवतो. हनीकोंब अल्फा ९०-९० अंश फिरतो, त्यामुळे विमान कलवणारे पंखांवरचे एलेरॉन तेवढेच हलवायला हात दुप्पट फिरतो आणि बारीक करेक्शन जमतं. इथे मला विचार करावा लागत नाही, परवडत असेल तर अल्फा.

कुठलीही घेतली तरी पहिल्याच दिवशी विंडोजमध्ये रन उघडून जॉय डॉट सीपीएल टाका आणि प्रॉपर्टीजमधली ती फुली बघा. हात काढल्यावर ती थरथरते का, चारी बाजूंनी हळू सोडल्यावर दर वेळी त्याच जागी येते का, आणि ग्रिप वरून धरून हलवली तर फुली न हलता नुसती ग्रिपच लटपटते का, म्हणजे सायकलच्या चाकाला जसा प्ले असतो तसा. ट्विस्ट पन्नासएक वेळा फिरवून परत बघा. हे सगळं मोबाईलवर शूट करून ठेवा आणि रिटर्नची मुदत संपेपर्यंत बॉक्स टाकू नका.