लाकडी खांबाचा लोखंडी बूट : दोन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

नागपुरात आमच्या मानेवाड्यातील घरापुढे जुईच्या वेलासाठी घातलेल्या मांडवाचे चारही सागवानी खांब सात वर्षांत पायाशी कुजले. ज्या ठेकेदाराने ते उभे केले, त्याने खांब थेट खड्ड्यात ठेवून भोवती काँक्रीट ओतले होते, आणि साग आहे म्हणजे काळजी नाही, असे आम्हीही धरून चाललो होतो. सुताराने पायाशी स्क्रू ड्रायव्हर लावून नुसता दाबला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. खांबाच्या ज्या कोपऱ्यावर फिकट, कच्चे लाकूड राहून गेले होते तिथे वाळवीने मातीच भरली होती, आणि ओलीने पक्का गाभाही मऊ पडला होता. हातभर वर मात्र रंधा मारताच सागाचा ताजा वास आला. लाकूड चांगलेच होते. काँक्रीटच्या वाटीत साचलेल्या पाण्यात त्याचे तोंड बारमाही बुडालेले होते, एवढाच त्याचा दोष.

म्हणून खांब फेकून न देता त्यांचे कुजलेले पाय कापले, खाली काँक्रीटचे ओटे बांधले आणि त्यांवर ऑनलाइन मागवलेले लोखंडी बूट बसवून खांब पुन्हा उभे केले. एका बुटाला साधारण 700 रुपये पडले. त्याची बैठक 5 मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची आहे, तिला चार कोपऱ्यांत बोल्टची भोके आहेत, वर खांब दोन्ही बाजूंनी धरणारे उभे पत्रे आहेत आणि मध्ये लाकूड टेकण्यासाठी 25 मिलिमीटर उंचीची वेगळी पट्टी आहे. माझ्या मते पैसे मोजायचे ते या पट्टीचे. लाकूड उभ्या रेषांच्या तोंडातून पाणी जितक्या वेगाने ओढते तितके बाजूने कधीच ओढत नाही. त्यामुळे खांबाचे तोंड काँक्रीटपासून इंचभर वर राहिले आणि खालून वारा खेळला, की पावसाची झड थांबल्यावर ते वाळते. शहराच्या महाल भागातील जुन्या वाड्यांत लाकडी खांबाखाली दगडी तळखडा असतो तो याच कारणासाठी. शिवाय वाळवीला वर चढायचे तर लोखंडावरून मातीची नळी बांधावी लागते, आणि ती आता झाडू मारतानाही नजरेस पडते.

मापाची एक अडचण आधीच सांगितली पाहिजे. जाहिरातीत 'चार इंची खांबासाठी' असे लिहिले होते. प्रत्यक्षात आतील रुंदी 91 मिलिमीटर भरली, कारण परदेशात चार इंची म्हणून विकले जाणारे लाकूड रंधून 89 मिलिमीटरचे झालेले असते. लकडगंजमधून आणलेले आमचे खांब पुरते 100 मिलिमीटरचे होते. सुताराने खांबाच्या दोन बाजू पायाशी साडेचार मिलिमीटर खोल खाचून पत्रे त्यात बसवले, आणि हा तोडगा मूळ रचनेपेक्षा सरस ठरला, कारण वरचे लाकूड पत्र्याच्या कडेवर झाकणासारखे येते आणि ओघळणारे पाणी लाकूड व पत्रा यांच्या फटीत न शिरता बाहेरून निथळते. कापलेल्या तोंडांना त्याने अळशीचे तेल पोटभर पाजले, ते पिणे थांबेपर्यंत.

ओट्यांविषयी अधिक लिहितो, कारण बूट कितीही चांगला असला तरी तो धरतो काँक्रीटलाच. आमच्या भागात काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरवरचा ओटा तिच्याबरोबर हलतो, म्हणून मुरूम लागेपर्यंत खणले. मिस्त्री नऊ इंची ओटा पुरेल म्हणत होता. परंतु अँकर बोल्ट घट्ट करताना भोकात फुलतो आणि काँक्रीटला बाहेर रेटतो, त्यामुळे काठ जवळ असला की कोपराच उडतो. मी अठरा इंची ओट्यांचा आग्रह धरला आणि भोके काठापासून सहा इंचांहून आत राहिली. जागा अपुरी असेल तर फुलणारा बोल्ट न वापरता राळेने चिकटवण्याचा केमिकल अँकर घ्यावा. ओट्यांवर चार आठवडे ओली पोती ठेवून मगच हॅमर ड्रिल लावले. भोकातील भुकटी ब्रशने आणि पंपाने पूर्ण काढावी लागते. पहिल्या भोकात ती राहिली आणि बोल्ट नुसताच गरगर फिरला.

बुटाविषयी माझी मुख्य तक्रार त्याच्यासोबत आलेल्या बोल्टांची आहे. बुटावर वितळलेल्या जस्तात बुडवून चढवलेला, करडा आणि किंचित खरखरीत मुलामा आहे. असा मुलामा या जाडीच्या पत्र्यावर साधारण 70 ते 85 मायक्रॉनचा असतो आणि दोन पावसाळ्यांत त्याला काही झालेले नाही. बोल्ट मात्र चकचकीत होते, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने जेमतेम 5 ते 12 मायक्रॉन जस्त चढवलेले, आणि पहिल्याच ऑगस्टमध्ये त्यांच्या डोक्यांभोवती तांबूस ओघळ दिसू लागले. जिथे वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे उघड्यावरच्या कामाला असे बोल्ट देणे योग्य नाही.

दुसरी उणीव माहितीपत्रकाची. हा बूट खांबाला वर उचलला जाऊ देत नाही आणि पायाशी सरकू देत नाही, पण त्याला सरळ उभे ठेवण्याची ताकद त्याच्यात नाही, ही गोष्ट त्यात कुठेही लिहिलेली नाही. गाडलेला खांब जमिनीच्या पकडीवर उभा राहतो. बुटातला खांब डोक्याशी ढकलला तर पायाशी बिजागरीसारखा हलतो. आमचा सुतार अनुभवी असल्याने त्याने तुळई आणि खांब यांच्यामध्ये दोन्ही दिशांनी तिरपे टेकू मारले, आणि मे महिन्यातल्या वळवाच्या वाऱ्यात वेलासकट मांडव जागचा हलला नाही. कुंपणाचा किंवा दिव्याचा सुटा खांब मात्र या बुटावर उभा करू नये. त्यासाठी काँक्रीटमध्ये रोवण्याचा लांब दांड्याचा प्रकार येतो, तो घ्यावा.

देखभाल थोडी आहे. उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर गेला की लाकूड आकसते आणि आरपार बोल्टांचे नट सैल पडतात. जूनच्या आधी पान्याने ते पाव-अर्धा फेरा आवळावे लागतात. पट्टीखाली पाचोळा साचला तर ती फट ओल धरते, म्हणून सुपारीच्या झाडूची एक काडी तिथून फिरवतो.

मागील अंगणातील झोपाळ्यावरच्या छपरासाठी हेच बूट आणखी चार मागवले आहेत. बोल्ट या वेळी इतवारीतून स्टेनलेस स्टीलचे, वेगळे आणले आहेत.