सर्व्हर ‘सुरक्षित’ करून देतो म्हणणाऱ्याने माझे ५४९ डॉलर कसे लाटले

५४९ डॉलर. लिनक्सवरचा एक साधा वेब सर्व्हर उभा करून ‘सुरक्षित’ करून घ्यायला मी एवढे मोजले. हिशेब असा: उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) आणि एनजिनेक्स (वेब सर्व्हरचा प्रोग्राम) बसवायचे १५०, ‘वार्षिक एसएसएल’चे, म्हणजे साइटचं कनेक्शन सुरक्षित करणाऱ्या सर्टिफिकेटचे, ७९, ‘फायरवॉल लायसन्स’चे (फायरवॉल म्हणजे नको ती कनेक्शन अडवणारा प्रोग्राम) १२०, आणि शेवटी त्यानेच केलेली घाण काढायचे २००.

१५० बद्दल तक्रार नाही, ते काम झालं. पण फायरवॉल म्हणून माझ्या गळ्यात मारलं ते यूएफडब्ल्यू निघालं. ते उबुंटूबरोबर फुकट येतं, आणि तेही त्याने सुरूच केलं नव्हतं. ‘सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस’ टाइप केलं की एका शब्दात कळतं: इनॅक्टिव्ह, म्हणजे बंद. मला पाठवलेल्या पीडीएफमध्ये मात्र त्यापुढे हिरवी खूण. असल्या अहवालांवर पैसे सोडू नका. कमांड तुमच्यासमोर चालवायला लावा.

सगळ्यात जास्त जळफळाट होतो तो एका क्षणाचा. साइट सुरू झाल्यावर मी ब्राउझरमधलं सर्टिफिकेट उघडून पाहिलं होतं. देणारी संस्था लेट्स एन्क्रिप्ट, मुदत ९० दिवस. पैसे वर्षाचे आणि सर्टिफिकेट तीन महिन्यांचं? मी विचारलंही. “मॅडम, ते टप्प्याटप्प्याने रिन्यू होतं, तुमचं पॅकेज वर्षाचंच आहे.” अर्धं खरं होतं, म्हणूनच पटलं. रिन्यू होतं, पण सर्टबॉट नावाचा प्रोग्राम ते आपोआप करतो, आणि ही संस्था २०१५ पासून सर्टिफिकेट फुकट वाटते आहे. नाव डोळ्यांसमोर होतं. ते नुसतं शोधलं असतं तर तो तिथेच उघडा पडला असता. पण मला सांगा, आपल्याला येत नाही म्हणून ज्याला नेमलं, त्याच्या प्रत्येक वाक्याची परीक्षा कशी घ्यायची? अभिप्राय चांगले होते, बोलणं अदबीचं होतं.

‘पासवर्ड बदलायचा ना’ असं ऐकवणाऱ्यांसाठी: काम संपताच मी रूटचा, म्हणजे सर्व्हरवर सगळे अधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड बदलला होता. एसएसएच की (दुरून सर्व्हरमध्ये शिरायची डिजिटल किल्ली) वापरून शिरणाऱ्याला पासवर्ड लागतच नाही! रूटच्या ऑथराइझ्ड-कीज फाइलमध्ये, म्हणजे कोणाच्या की चालतील त्या यादीत, त्याची की तशीच होती. काम संपलं की प्रत्येक युझरची ती फाइल उघडा आणि ओळखीची नसलेली ओळ उडवा.

काही आठवड्यांनी साइट रखडायला लागली. केवर्कर नावाची प्रोसेस सगळा सीपीयू खात होती. हे नाव लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, स्वतःच्या कामांचं. पण खरे कर्नल थ्रेड ‘पीएस’ या कमांडच्या यादीत चौकोनी कंसात दिसतात, हिला कंस नव्हते आणि तिची फाइल टेम्प फोल्डरमध्ये होती. क्रिप्टो मायनर, म्हणजे माझ्या सर्व्हरवर दुसऱ्यासाठी क्रिप्टो चलन कमावणारा प्रोग्राम. मारला की क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) पुन्हा उठवायचा. तेव्हा हे काही माहीत नव्हतं, म्हणून मी त्यालाच बोलावलं आणि २०० दिले. थोडे दिवस शांतता, मग पुन्हा तेच. शेवटी एका जाणकाराने ऑथ लॉग, म्हणजे कोण कधी लॉगिन झालं याची नोंद, वाचून दाखवला. मायनर बसला त्या रात्रीचं रूट लॉगिन त्या सर्व्हरवाल्याच्याच कीने झालं होतं; कीचा फिंगरप्रिंट, म्हणजे ती ओळखायची छोटी खूण, जुळत होता.

मग सुरू झाली दारोदार फरफट. होस्टिंग कंपनी म्हणे सर्व्हर अनमॅनेज्ड आहे, आतलं तुमचं तुम्ही बघा. आणि वर माझंच खातं गोठवलं. ज्या प्लॅटफॉर्मवर तो भेटला ते म्हणाले, पेमेंट आमच्यामार्फत झालं नाही. सवलतीचं आमिष दाखवून बाहेर पैसे मागतात ते याचसाठी, हे ध्यानात ठेवा. पेमेंट कंपनीच्या लेखी ‘सेवा मिळालेली आहे’. आणि पोलिस? “पासवर्ड तुम्हीच दिलात ना? मग हॅकिंग कसलं?” अहो, रंगकामाला आलेल्याला किल्ली दिली, म्हणून त्याने महिन्याने रात्री घरात शिरायचं? फिंगरप्रिंट म्हणजे काय, हे मी तिथल्या तीन टेबलांवर समजावलं. प्रत्येकाने पुढचं टेबल दाखवलं.

रूट एकदा दुसऱ्याच्या हाती गेलं की सर्व्हर धूत बसू नका. नव्याने ओएस टाका, डेटाबेसचे पासवर्ड आणि एपीआय की (इतर सेवांना जोडणाऱ्या किल्ल्या) बदला. पण त्याआधी स्नॅपशॉट (सर्व्हरची जशीच्या तशी प्रत) काढा आणि लॉग दुसऱ्या मशीनवर उतरवा. उबुंटूत ऑथ लॉगची दर आठवड्याला नवी फाइल सुरू होते आणि जुन्या चारच उरतात. तक्रारीवर हालचाल होऊन मूळ लॉग मागितला गेला तोवर ती रात्र त्यातून पुसली गेली होती. माझ्याकडे स्क्रीनशॉट आहेत, आणि ते पुरावा म्हणून चालणार नाहीत असं आता मला सांगतात.