शेअरएक्ससोबतचे आठ महिने: स्क्रीनशॉटच्या साधनाकडून मला काय हवे होते

माझे काम सॉफ्टवेअरच्या मार्गदर्शिका लिहिण्याचे आहे, त्यामुळे दिवसाला ३०-४० स्क्रीनशॉट सहज निघतात. पूर्वी मी विंडोजमधल्या स्निपिंग टूलवर भागवत असे, आणि ते साधन मला आजही वाईट वाटत नाही. विंडोज, शिफ्ट आणि एस या तीन कळा एकत्र दाबल्या की स्क्रीन मंदावते, हवा तेवढा भाग माउसने ओढून निवडता येतो आणि चित्र थेट क्लिपबोर्डवर जाते. आठवड्यातून दोनदा कोणाला तरी एखादी अडचण दाखवायची असेल, तर याहून अधिक काही लागत नाही. मला मात्र तीच कृती दिवसभर करावी लागते, आणि अशा कामात दर वेळचा एक जादा क्लिकही संध्याकाळपर्यंत जाणवू लागतो. म्हणून आठ महिन्यांपूर्वी मी शेअरएक्स घेतले. ते विंडोजवरच चालते, मोफत आणि मुक्तस्रोत (म्हणजे ज्याचा कोड सर्वांसाठी खुला असतो असे) आहे, आणि चित्रावर स्वतःचा शिक्का उमटवत नाही.

यातल्या पर्यायांची यादी लांबलचक आहे, म्हणून पहिला आठवडा मी सेटिंग्ज समजून घेण्यासाठीच राखून ठेवला होता. तो वेळ सत्कारणी लागला. चित्र टिपल्यानंतर आपोआप काय घडावे हे येथे आपण ठरवून देतो: ते क्लिपबोर्डवर जावे, ठरलेल्या फोल्डरमध्ये साठावे, की लगेच संपादनासाठी उघडावे. मी पहिल्या दोन गोष्टी कायमच्या चालू ठेवल्या आणि तिसरीसाठी वेगळी कळ नेमली. फाइलच्या नावात तारीख, वेळ आणि ज्या प्रोग्रॅमचे चित्र आहे त्याचे नाव येईल अशीही सोय केली. ही बाब किरकोळ वाटेल. पण केवळ अनुक्रमांक असलेल्या शेकडो फाइलींमधून तीन महिन्यांपूर्वीचे एक चित्र ज्याने शोधले आहे, त्याला तिचे मोल कळेल. माझ्या मते रोजच्या वापरासाठी साधन निवडताना सर्वांत आधी हेच पाहावे, की कळ दाबल्यापासून चित्र हव्या त्या जागी चिकटवेपर्यंत आपल्याला किती वेळा थांबून विचार करावा लागतो.

दुसरी गरज मला एका मेनूने शिकवली. एका मार्गदर्शिकेत उजव्या क्लिकने उघडणारा मेनू आणि त्यातला उपमेनू, दोन्ही उघडे असलेले चित्र हवे होते. मेनू उघडून कळ दाबली की तो मिटायचा, आणि हाती रिकामी खिडकी यायची. सात-आठ प्रयत्नांनंतर मी विलंबाचा पर्याय वापरला: तीन सेकंदांचा अवधी लावला, कळ आधी दाबली, मग मेनू उघडला, उपमेनूवर माउस स्थिर धरला आणि श्वास रोखून वाट पाहिली. चित्र पहिल्याच फटक्यात मिळाले. विलंबाची सोय स्निपिंग टूलमध्येही आहे, परंतु ती कित्येकांना माहीतच नसते. ज्या साधनात ती नाही, ते कामासाठी घेऊ नये असे मी ठामपणे सांगेन.

चित्राच्या फाइलचा प्रकार कोणता असावा याबाबत माझे मत पूर्वीपासून पक्के होते आणि या महिन्यांत ते अधिकच पक्के झाले. स्क्रीनशॉट पीएनजीमध्येच साठवावा. छायाचित्रांसाठी घडवलेली जेपीईजी पद्धत चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे तुकडे करून त्यातला बारीक तपशील गाळते. चेहऱ्यावर किंवा आकाशावर ते कळत नाही, पण अक्षराच्या कडेभोवती लगेच धुरकट डाग दिसू लागतात, आणि लाल अक्षरे तर विशेष खराब होतात. पीएनजीमध्ये एकही पिक्सेल बदलत नाही. गप्पांच्या ॲपवरून चित्र पाठवताना ते बहुधा पुन्हा दाबून लहान केले जाते. म्हणून अक्षरे वाचली जाणे आवश्यक असेल, तर मी ते चित्र म्हणून न पाठवता दस्तऐवज म्हणून पाठवते.

ज्या मुद्द्यासाठी हा अनुभव लिहावासा वाटला, तो मजकूर झाकण्याचा आहे. मध्यंतरी मी फोनवर काढलेला एक स्क्रीनशॉट सहकाऱ्याला पाठवला. त्यात एका ग्राहकाचा खाते क्रमांक होता, आणि तो मी फोनमधल्याच काळ्या ठळक पेनाने खोडला होता. पाच मिनिटांत सहकाऱ्याचा संदेश आला, "ताई, चित्राचा उजेड वाढवला की आकडे दिसतात." मी स्वतः करून पाहिले. ज्याला मी पेन समजले होते तो हायलायटर होता, त्याचा रंग अर्धपारदर्शक होता, आणि काळ्या पट्ट्याखालून सगळे आकडे एकेक करून वर आले. ते चित्र त्या एका सहकाऱ्यापलीकडे गेले नव्हते, हे त्या ग्राहकाचे आणि माझे भाग्य.

त्यानंतर मी हा विषय नीट वाचून काढला. मजकूर धूसर करणे किंवा त्याचे मोठे चौकोनी ठोकळे करणे (पिक्सेलेट) हेही सुरक्षित नाही. ठरावीक फाँटमधली अक्षरे ठरावीक रीतीने पुसट केली, तर निरनिराळी अक्षरे त्याच रीतीने पुसट करून कोणती जुळतात हे संगणक ताडून पाहू शकतो, आणि तसे करणारी साधने उघडपणे उपलब्ध आहेत. त्याहून धक्कादायक प्रकरण मार्च २०२३ मध्ये उजेडात आले. सायमन ॲरन्स आणि डेव्हिड बुकॅनन यांनी दाखवून दिले, की गूगलच्या पिक्सेल फोनमधल्या मार्कअप या चित्र-संपादनाच्या साधनाने कापलेल्या चित्रांतून कापून टाकलेला भाग अंशतः परत मिळवता येतो. नवी, लहान झालेली फाइल जुन्या फाइलवर लिहिली जात होती, पण जुन्या फाइलचा उरलेला शेपटाकडचा भाग तसाच राहत होता. पाठोपाठ विंडोज ११ चे स्निपिंग टूल आणि विंडोज १० चे स्निप अँड स्केच यांतही तोच दोष आढळला. दोन्हीकडे दुरुस्ती झाली. मात्र आधीच पाठवलेली चित्रे दुरुस्तीने बदलत नाहीत.

तेव्हापासून माझी पद्धत अशी आहे: झाकायचा मजकूर पूर्ण अपारदर्शक, एकाच रंगाने भरलेल्या चौकटीखाली घालायचा, चित्र नव्या नावाने साठवायचे, आणि पाठवण्यापूर्वी ती नवी फाइल उघडून एकदा पाहायची. शेअरएक्सच्या संपादकात भरीव चौकट आहे, तसेच धूसर करण्याचे आणि ठोकळ्यांचे साधनही आहे. मी ती दोन्ही फक्त शोभेसाठी, म्हणजे वाचकाचे लक्ष भलतीकडे जाऊ नये म्हणून वापरते. सर्वसामान्य वापरकर्त्याला खरोखर हवे असलेले, पण त्याला मागता न येणारे वैशिष्ट्य म्हणजे 'कायमचे झाका' असे स्पष्ट नाव असलेले बटण, असे मला मनापासून वाटते.

याच कारणासाठी चित्र आपोआप इंटरनेटवर चढवण्याच्या सोयीबाबत मी फार सावध आहे. शेअरएक्समध्ये अशा सेवांची मोठी यादी आहे आणि दुवा पाठवून काम भागवणाऱ्यांना ती उपयोगी पडेल. मी ती पूर्ण बंद ठेवली आहे. ज्या साधनात चित्र साठवण्याचे आणि चढवण्याचे बटण शेजारी-शेजारी असते, तेथे घाईत चूक होणारच.

बाकीच्या सोयींबद्दल थोडक्यात. लांब पान खाली सरकवत एकसंध चित्र टिपण्याची सोय उत्तम कल्पना आहे, पण ज्या पानाचा वरचा पट्टा जागीच स्थिर राहतो तेथे तो पट्टा चित्रात पुन्हा पुन्हा येऊ शकतो, म्हणून मी दोन-तीन वेगळी चित्रे काढणेच पसंत करते. चित्रातला मजकूर अक्षरांत उतरवण्याची सोय त्रुटीचे लांब संदेश घेताना वेळ वाचवते. क्रमांक असलेली वर्तुळे उमटवण्याचे साधन मात्र मी रोज वापरते. एक, दोन, तीन असे क्लिक करत गेले की पायऱ्या आपोआप क्रमाने पडतात, आणि त्याजागी बाण काढत बसण्याची कल्पनाही आता करवत नाही.

एक उणीव मला अजून भासते. पीएनजीमध्ये साठवल्यावर बाण आणि वर्तुळे चित्रात कायमची मिसळतात. पुढच्या आवृत्तीत एक बटण सरकले की सगळ्या खुणा नव्याने कराव्या लागतात. ग्रीनशॉट या दुसऱ्या स्क्रीनशॉटच्या साधनात स्वतःच्या वेगळ्या प्रकारात फाइल साठवून खुणा नंतर हलवता येतात, म्हणून मार्गदर्शिकेतल्या वारंवार बदलणाऱ्या प्रकरणांसाठी मी ते सोबत ठेवले आहे. आमच्या गटातल्या दोघांनी माझे पाहून शेअरएक्स घेतले, तर इतर दोघे स्निपिंग टूलवरच समाधानी आहेत, आणि त्यांचे दिवसाचे तीन-चार स्क्रीनशॉट पाहता मी त्यांना बदल करण्याचा आग्रह केला नाही. भरीव चौकटीचा आग्रह मात्र मी चौघांनाही केला आहे.