हळद, जास्वंद की लिटमस? आम्ल-आम्लारी ओळखायला काय घ्यावं

सातवी-आठवीच्या मुलांना दर्शकाचा (आम्ल-आम्लारीत रंग बदलणाऱ्या पदार्थाचा) प्रयोग दाखवायचा म्हटलं की प्रश्न पडतो: घरातली हळद पुरेल का?

हळदीइतकं सोपं काहीच नाही. हळदीचं पाणी टीपकागदाला लावून वाळवलं की पट्टी तयार. त्यावर चुन्याच्या निवळीचा, म्हणजे आम्लारीचा, थेंब टाका, डाग लालसर तपकिरी होतो. शर्टावरचा आमटीचा डाग साबण लावताच लाल होतो तो यामुळेच, आणि हळद-चुन्याचं कुंकू होतं तेही यामुळेच. त्या लाल डागावर लिंबू पिळलं की तो पुन्हा पिवळा. हे मुलांना स्वतःच्या हातांनी करू द्याच.

पण लिंबाचा रस आणि साखरेचं पाणी, दोन्हींत हळद पिवळीच राहते. आम्ल कुठलं नि उदासीन (ना आम्ल, ना आम्लारी) कुठलं, हे तिला सांगता येत नाही. प्रयोगशाळेतल्या फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचीही हीच अडचण: सामू (pH, 7 म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, वर आम्लारी) साधारण 8.2 च्या वर गेला की गुलाबी, त्याखाली रंगहीन. अनुमापनाला (द्रावणात आम्ल किंवा आम्लारी किती आहे ते मोजायला) ते उत्तम, ओळख पटवायला अपुरं.

तिथे जास्वंद उजवी ठरते. लाल पाकळ्या गरम पाण्यात कुस्करून गाळा. व्हिनेगरमध्ये तो अर्क गडद गुलाबी होतो, धुण्याच्या सोड्यात हिरवा, आणि शुद्ध पाण्यात फारसा बदलत नाही. मात्र अर्क लवकर खराब होतो, त्यामुळे त्याच दिवशी ताजा करावा. खायच्या सोड्यासारख्या सौम्य आम्लारीत रंग मळकट दिसतो, मुलं गोंधळतात.

लिटमस कागद विकत आणावा लागतो, पण निकाल स्वच्छ देतो. आम्लात निळा लाल होतो, आम्लारीत लाल निळा. निळा आणि लाल दोन्ही आणा. नुसत्या निळ्यावर काम भागवलं तर उदासीन पदार्थही आम्लारीसारखाच दिसतो. दोन्ही कागद जसेच्या तसे राहिले तरच पदार्थ उदासीन म्हणायचा. हा रंग मिळतो दगडफुलासारख्या शैवाकांपासून, हे मुलांना मसाल्यातलं दगडफूल हातात देऊन सांगा.

माझं मत विचाराल तर सुरुवात जास्वंदीने करा आणि शंका आली की लिटमसने पडताळा. आम्ल किती तीव्र, हे हवं असेल तर मात्र वैश्विक दर्शकच (सामूनुसार वेगवेगळे रंग दाखवणारा) लागेल. उदासीन नमुना म्हणून बोअरचं पाणी घेऊ नका, त्यातले क्षार घोळ घालतात. ऊर्ध्वपातित पाणी आणा.