मुलांची झोप: मेलाटोनिन, सर्दीचं सिरप, क्लोनिडिन की आणखी काही?

रात्रीचे साडेअकरा वाजलेत, मूल टक्क जागं आहे आणि आईबाबांचे डोळे मिटताहेत. अशा वेळी हात सर्दीच्या सिरपकडे जातो. कृपा करून तेवढं टाळा. त्यातल्या डायफेनहायड्रामिनसारख्या औषधाने गुंगी येते खरी, पण काही दिवसांत शरीर त्याला सरावतं, आणि काही मुलं उलट चेकाळतात. 2006 साली तान्ह्या बाळांवर झालेल्या चाचणीत तर ते औषधविरहित सिरपपेक्षा सरस ठरलंच नाही.

मेलाटोनिन म्हणजे ‘रात्र झाली’ असा निरोप मेंदूला देणारं संप्रेरक. झोप लागायलाच तासभर लागत असेल तर ते उपयोगी पडतं. मध्यरात्री जाग येणाऱ्याला साध्या गोळीचा फारसा फायदा नाही. भक्कम पुरावा आहे तो मुख्यतः स्वमग्न आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) असलेल्या मुलांबाबत. डॉक्टर सहसा 0.5 ते 1 मिलिग्रॅमपासून, झोपेच्या अर्धा-एक तास आधी सुरू करतात. पहाटे दोनपर्यंत जागून सुटीत दुपारपर्यंत झोपणाऱ्या किशोराचं आतलं घड्याळच मागे पडलेलं असतं. त्याला लहान मात्रा, पण संध्याकाळीच द्यावी लागते. विकत घेताना मात्र जपून: अमेरिकेत 2023 साली तपासलेल्या मेलाटोनिनच्या 25 गमींपैकी (चघळायच्या गोळ्यांपैकी) 22 वरचे मात्रेचे आकडे चुकीचे निघाले, एकीत तर मेलाटोनिनच नव्हतं.

क्लोनिडिन मुळात रक्तदाबाचं. एडीएचडीच्या चंचल मुलांना ते रात्री देतात, पण नाडी-रक्तदाबावर लक्ष हवं. अचानक बंद केलं तर रक्तदाब उसळतो. चुकून गिळलेली एखादी गोळीही लहानग्याला घातक ठरू शकते, तेव्हा कुलपातच ठेवा.

झोल्पिडेम, म्हणजे मोठ्यांची झोपेची गोळी, मी यादीतून काढूनच टाकेन. एडीएचडीच्या 6 ते 17 वर्षांच्या मुलांवरच्या चाचणीत त्याने झोप लवकर लागली नाही, काहींना भास मात्र झाले.

अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने) मुलांच्या निद्रानाशासाठी एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही. म्हणून डॉक्टर आधी झोपेच्या सवयी आणि वर्तन-उपचारांवर भर देतात. कारणही शोधतात. माझी पुतणी रोज पांघरूण लाथाडायची, “पायात मुंग्या चालतात” म्हणायची. आम्ही मेलाटोनिन मागायला गेलो, डॉक्टरांनी आधी रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासलं. कमी होतं. लोहाचं औषध सुरू झालं आणि काही आठवड्यांत तिचं पांघरूण सकाळपर्यंत अंगावर राहू लागलं.